डाव्या हाताची ओढ

मुग्धाताईंच्या देवघरातला दिवा गेले सात महिने त्यांची सून लावत होती.

तसं त्यात वावगं काही नव्हतं. जुई गुणाची मुलगी. वात जरा जाड वळायची आणि निरांजनात तूप हात सोडून घालायची, एवढंच. पण ज्या बाईने लग्न होऊन या घरात आल्यापासून अडतीस वर्षांत अंगात ताप असतानासुद्धा सांजवात चुकवली नव्हती, ती आता तिन्हीसांजेला भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मार्गशीर्षात हेमंतराव गेले. पहिले दोन महिने त्या रडल्या, मग रडणंही आटलं. सोमवार सुटला, चतुर्थी सुटली. आमटीत मीठ नसलं तरी कळेना आणि दोनदा पडलं तरी कळेना.

दोन हजार सेहेचाळीस सालची सांगली. मनाचं दुखणं लपवून ठेवण्याचे दिवस आता राहिले नव्हते. डॉक्टरीणबाई घरी येऊन तपासून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "गोळी देते. पण गोळी फक्त दाराची कडी काढील. उंबऱ्याबाहेर पाऊल तुमचं तुम्हालाच टाकायचंय. रोज अर्धा तास व्यायाम."

व्यायाम! पहिल्या दिवशी मुग्धाताई फाटकापर्यंत जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी जिन्यापर्यंत. तिसऱ्या दिवशी पाय भरून आले. चौथ्या दिवशी जुईने चपला पुढ्यात आणून ठेवल्या, तेव्हा म्हणाल्या, "आज अमावास्या आहे."

"अमावास्येला चालत नाहीत?"

"नवीन काही सुरू करत नाहीत."

"नवीन कुठलं, आई? चौथा दिवस आहे."

मुग्धाताईंनी कूस बदलली. जुई गेली नाही. पलंगाच्या कडेला बसली आणि जरा वेळाने सहज विचारावं तसं म्हणाली, "आई, सोळा सोमवार कितीदा केलेत हो तुम्ही?"

"तीनदा."

"त्यातला एखादा सोमवार, पाय भरून आले म्हणून..."

"काहीतरीच काय बोलतेस? नेम होता तो. नेम कुणी मोडतं का?"

"मग ह्याला व्यायाम म्हणूच नका ना," जुई म्हणाली. "नेम म्हणा."

सात महिन्यांत पहिल्यांदा मुग्धाताईंनी सुनेकडे डोळे उघडून पाहिलं. मुलगी दिसते तशी साधी नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, आषाढी दहा दिवसांवर होती. त्या सकाळी मुग्धाताईंनी न्हाऊन स्वतः दिवा लावला, देवापुढे सुपारी ठेवली आणि पुटपुटल्या, "कार्तिकीपर्यंत रोज एकवीस फेरे घालीन. खंड पडू देणार नाही." फेरे कसले, ते जुईने आधीच ठरवून ठेवलं होतं.

*

गावभागात एक नवं केंद्र निघालं होतं. मोठा हॉल, लाकडी जमीन, भिंतीला धरून गाद्या. आणि हॉलच्या मधोमध उभी ठमाबाई.

यंत्राचं खरं नाव आकड्यांचं आणि अवघड होतं. ते कागदावरच राहिलं. कमरेएवढा गोल बुंधा, तळाशी जडशीळ चकती, वर कोपरात वाकणारे दोन हात. तळवे मऊ, माणसाच्या अंगाइतके ऊबदार. डोकं नाही. केंद्रात सगळ्यांत आधीपासून येणाऱ्या ऐंशी वर्षांच्या शैलामावशींनी तिच्याभोवती खण गुंडाळला होता. उघडीबोडकी बरी दिसत नाही म्हणून.

"हिला डोकं का नाही?" मुग्धाताईंनी विचारलं.

"म्हणून तर कुठेही सुखाने नांदते," शैलामावशी म्हणाल्या.

यंत्राची देखभाल तन्वीर शिकलगारकडे. मिरजेचा, पस्तिशीतला, सतारी घडवणाऱ्या घरातला इंजिनीअर. तो नव्या माणसाला आधी खुर्चीत बसवून सगळं समजावून सांगायचा.

चालणाऱ्या, खेळणाऱ्या माणसाचं मन हलकं का होतं, हे शास्त्रज्ञांपुढचं जुनं कोडं. उत्तर थोडंथोडं करत सापडत गेलं. स्नायू म्हणजे नुसते ओझी उचलणारे हमाल नव्हेत. ते टपालही वाहतात. कामाला लागले की रक्तात अगदी सूक्ष्म द्रव्यं सोडतात. ती मेंदूपर्यंत पोचतात आणि कानशिलाच्या आत, आठवणी राखणारा जो बोटाएवढा वाकडा भाग आहे, त्याला पाणी घातल्यासारखं होतं. दुःखाने तिथल्या फांद्या वाळतात. या पाण्याने त्यांना परत धुमारे फुटतात. अशाच एका द्रव्याला केंद्रातल्या मंडळींनी 'उमेदक' म्हणायला सुरुवात केली होती. त्याची खोड एकच. दीड दिवसात ते ओसरतं. एका रविवारी पाच तास घाम गाळून महिन्याची बेगमी करता येत नाही. थोडं चालेल, पण रोज हवं.

"म्हणजे नेमच की," मुग्धाताई म्हणाल्या.

"तसंच म्हणा," तन्वीर म्हणाला. "पण काकू, उतारवयात माणूस व्यायाम सोडतो तो आळसानं नाही. पडायच्या भीतीनं सोडतो. तोल सांभाळायचं काम कानाच्या आतल्या तीन नळ्या करतात. वापरल्या नाहीत तर त्याही गंजतात. माणूस अंग चोरून चालतो, मग चालतच नाही, मग मनही अंग चोरतं. आणि एक गंमत सांगू? दोन माणसं एका तालात हलली ना, की वेदना विसरायला लावणारी द्रव्यं एकट्यापेक्षा जास्त पाझरतात. आता तोल, वेग, ताल आणि जोडीदार, हे सगळं एका जागी कुठं मिळतं, म्हणून आमचे लोक वर्षभर शोधत होते."

"फुगडीत," मुग्धाताई म्हणाल्या.

"बघा! तुम्हांला एका मिनिटात सुचलं. त्यांना बारा महिने लागले."

यंत्राला फुगडी शिकवायला मग नऊ बायकांना बोलावलं होतं. त्यांनी तळव्यांना, दंडांना, टाचांना पट्ट्या लावून घेऊन तासन्‌तास फुगड्या घातल्या. प्रत्येकीची धरण्याची, रेलण्याची, वेग घेण्याची तऱ्हा यंत्राने टिपून घेतली. आता समोर जी बाई येईल, तिला नवांपैकी ज्या तऱ्हेचा हात मानवेल, तोच ठमाबाई पुढे करायची.

सगळं पटलं, तरी मुग्धाताई खुर्चीतून उठेनात. शैलामावशींना जवळ बोलावून त्यांच्या कानाशी हळूच म्हणाल्या, "यांना जाऊन वर्षसुद्धा झालं नाही हो. फुगडी कशी घालू? लोक काय म्हणतील?"

"आमचे गेले त्याला अठरा वर्षं झाली," मावशी मुळीच हळू न बोलता म्हणाल्या. "फुगडी हातांनी घालतात गं, कुंकवाने नव्हे. आणि हिच्याकडे बघ. हिला तर कपाळच नाही."

हॉल हसला. मुग्धाताईंनाही हसू फुटलं. ते इतकं अनोळखी वाटलं की त्यांनी पदर तोंडावर धरला.

मग त्या पुढे झाल्या. हातांची अढी घालून ऊबदार तळवे धरले, पावलं चकतीला भिडवली. ठमाबाई हलली. दोन फेरे झाले, पण फुगडी काही घुमेना. नुसतं ओढून नेल्यासारखं होत होतं.

"काकू, मागं रेला," तन्वीर म्हणाला. "भार द्या तिच्यावर."

मागे रेला! सात महिन्यांत त्यांनी आपला भार कुणावर टाकला नव्हता. लेकावर नाही, सुनेवर नाही. देवावरसुद्धा नाही, खरं सांगायचं तर. त्याच्यावर त्या रुसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटले, 'तुझी तू बघ बाई' असं मनात म्हटलं आणि अंग मागे सोडलं.

फुगडी लागली. खिडक्या, गाद्या, शैलामावशींचा पांढरा अंबाडा, सगळं एका पट्ट्यात मिसळून गेलं. एकवीस फेरे कधी झाले कळलंही नाही. थांबल्यावर त्या गादीवर बसल्या, ऊर धपापत होता, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तन्वीरने चहा आणून दिला.

एक घोट घेऊन मुग्धाताईंनी नाक पुसलं. "साखर कमी आहे रे ह्यात," त्या म्हणाल्या.

*

नेम सुरू झाला तो सुरू झाला. पावसाने रस्ते तुंबले त्या दिवशीही मुग्धाताई साडी पोटरीपर्यंत खोचून केंद्रात हजर. आठवड्यात भूक लागायला लागली. पंधराव्या दिवशी त्यांनी जुईला हाक मारून वात कशी वळतात ते पुन्हा एकदा दाखवलं आणि जुईने, येत असूनही, मन लावून शिकून घेतलं. झोप गाढ झाली. हेमंतरावांची आठवण यायची, पण आता ती छातीवर बसायची नाही. शेजारी येऊन बसायची.

तिसऱ्या आठवड्यात त्यांना ते जाणवलं.

ठमाबाई घुमताना दर तिसऱ्या फेऱ्याला तिचा डावा तळवा केसभर सैल पडायचा. पडतोय असं वाटेवाटेपर्यंत पुन्हा आवळायचा आणि जरा जास्तच ओढून घ्यायचा. जणू चूक झाली, आता सांभाळते, असं म्हणत असावा. बाकी सगळी पकड तर... अंगठा मनगटाच्या हाडावर टेकवायची सवय. वेग घेण्याआधी, टाचेने जमीन चाचपावी तशी चकतीची कड एकदा टेकवून बघायची सवय.

त्या रात्रभर जाग्या राहिल्या वगैरे काही नाही, छान झोपल्या. पण सकाळी दात घासता घासता हात थांबला. माणसाचा चेहरा विसरेल, आवाज विसरेल. ज्या हाताशी अठरा वर्षं फुगडी घातली, तो हात विसरेल कसा?

वन्सं. ऋजुता. हेमंतरावांची धाकटी बहीण.

एरवी आजकाल नणंदेला वन्सं कोण म्हणतं? दोघींचं वय एकच, पहिल्या दिवसापासून अगंतुगं. पण लग्नानंतरच्या पहिल्या मंगळागौरीत मुग्धाने थट्टेने 'अहो वन्सं, जरा हळू!' म्हटलं आणि ते चिकटलं. ऋजुताने लग्न केलं नाही. कुरुंदवाडला प्राथमिक शाळेत शिकवायची, शनिवारी सांगलीला यायची. दोघींच्या फुगडीचं मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत नाव झालं. हेमंतराव म्हणायचे, "माझ्या घरात दोन पंखे आहेत. विजेचं बिल येत नाही."

मग वीस वर्षांपूर्वीची ती स्पर्धा. भर सभागृहात, दोनशे बायकांसमोर, ऐन वेगात हात सुटला. मुग्धाताई कशाबशा सावरल्या. ऋजुता जाऊन आदळली. डावं मनगट मोडलं. 'हात कुणी सोडला?' कुणीतरी विचारलं. मुग्धाताईंनी सोडला होता. नेसलेल्या नऊवारीचा काष्टा सुटायला लागला, दोनशे बायकांसमोर फजिती होणार, म्हणून क्षणभर, फक्त क्षणभर, त्यांचा हात कमरेकडे गेला. एवढंच सांगायचं होतं. ते न सांगता स्वतःची बाजू सावरायला त्या बोलून गेल्या, "एवढं जड शरीर घेऊन फुगडी घालायला सांगितलंय कुणी?"

ऋजुता मोडलेलं मनगट उजव्या हातात धरून बाहेर निघून गेली. त्या दिवसानंतर ती सांगलीच्या घरी आली नाही. भाऊबीजेला हेमंतरावच कुरुंदवाडला जायचे, ओवाळून घेऊन यायचे आणि एकीपुढे दुसरीचं नाव काढायचे नाहीत. ते गेल्यावर ती आली होती. बाराव्यापर्यंत कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिली आणि तेराव्या दिवशी पहिल्या बसने निघून गेली.

तिचा हात आता रोज सकाळी साडेनऊला मुग्धाताईंना उभं करत होता.

त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही. एकवीस फेरे घालायच्या, आणि निघताना खण सारखा करायच्या निमित्ताने त्या डाव्या तळव्याला क्षणभर हात लावायच्या.

*

श्रावणाच्या शेवटच्या बुधवारी तन्वीरने सगळ्यांना सांगितलं, "उद्या केंद्र बंद. यंत्रात सुधारणा करायच्यात. नऊ नंबरच्या हातात एक दोष राहून गेलाय. डावी ओढ मध्येच उतरते. तार ढिली पडल्यासारखी. माझ्या कानाला... म्हणजे हाताला ते खटकतं. उद्या ते काढून टाकतो."

मुग्धाताई नुकत्याच फेरे घालून बसल्या होत्या. त्या तशाच उठल्या.

"काढू नकोस."

"काकू, आणखी छान चालेल. तुम्हांला कळणारही नाही."

"मला कळेल," त्या म्हणाल्या. "तो दोष नाही. ती बाई कोण आहे, मला माहीत आहे."

तन्वीर गडबडला. "नावं कुणाला सांगायची नाहीत अशी अट आहे. मी काही..."

"तू सांगूच नकोस. मी सांगते, तू ऐक. ती अंगाने चांगली भरलेली आहे. वेग घ्यायच्या आधी टाचेने जमीन बघते. आणि तिचं डावं मनगट पूर्वी मोडलेलं आहे. म्हणून तिसऱ्या फेऱ्याला, भार वाढला की, तिथे कळ येते. हात सैल पडतो, आणि समोरचीला लागू नये म्हणून ती पुन्हा ओढून धरते."

तन्वीरने हातातली वही मिटली.

"आम्ही सहा महिने ते आकडे तपासतोय," तो म्हणाला. "मनगटाचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि खरं सांगू? नऊ नंबरवर फिरणाऱ्यांचा तोल बाकीच्यांपेक्षा लवकर सुधारतो. आम्हांला वाटलं, दोष असूनही सुधारतो."

"ती सोडते की काय म्हणून आपण घट्ट धरतो. अंग जागं राहतं."

"मग ठेवू म्हणता?"

आता मुग्धाताई अडल्या. 'ठेव' म्हणणं सोपं होतं. पण एका बाईच्या मोडलेल्या हाडाची कळ जन्मभर यंत्रात फिरत ठेवायची, तीही आपल्या उमेदीसाठी? आणि ती कळ दिली कुणी? आपणच.

"हात जिचा आहे, तिला विचारायला हवं," त्या म्हणाल्या. "किती वाजेपर्यंत थांबशील?"

"उद्या चारपर्यंत. त्यानंतर पुण्याची माणसं यायची आहेत, मग माझ्या हातात राहत नाही."

घरी येऊन त्यांनी जुईला सगळं सांगितलं, काष्ट्यासकट. वीस वर्षांत पहिल्यांदाच ते कुणाला तरी सांगितलं. जुईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोन लावून देऊ का?"

"फोनवर माफी मागायची नाही," मुग्धाताई म्हणाल्या. "आणि उद्याचे एकवीस फेरेही राहिलेत."

*

कुरुंदवाडची बस विजेची, बिनआवाजाची. त्यामुळे मुग्धाताईंना आपल्याच छातीतली धडधड वाटभर ऐकू येत राहिली. दोनदा वाटलं, मधेच उतरावं. तिसऱ्यांदा वाटलं तोवर गाव आलं होतं.

दार ऋजुतानेच उघडलं. हाताला कणीक लागलेली, चष्मा कपाळावर. तिने वहिनीला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग वाट चुकलीस."

"नाही. मी नऊ नंबरला भेटायला आलेय."

ऋजुताचा हात चौकटीवर गेला. कणकेची बोटं तिथे उमटली. ती म्हणाली, "चपला आत काढ. बाहेर कुत्रं नेतं."

चहा झाला. बिस्किटं झाली. शाळेत आता पाटी-पुस्तक कसं उरलं नाही ते झालं. भिंतीवरच्या हेमंतरावांच्या फोटोकडे दोघींनी वेगवेगळ्या वेळी पाहिलं. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली, तेव्हा मुग्धाताईंनी कप खाली ठेवला.

"वन्सं, त्या दिवशी हात मी सोडला."

"माहीत आहे."

"काष्टा सुटत होता."

"तेही माहीत आहे. हिरवी नऊवारी, तुझ्या आईची. आत दोनदा सांगितलं होतं, आवळून नेस, सुळसुळीत आहे. ऐकशील तर शपथ!"

"मग वीस वर्षं बोलली का नाहीस?"

"हातावरून कुठे रागावले होते मी? हात सुटतात गं. मनगट तर दोन महिन्यांत जुळलं." ऋजुता पदराने चष्मा पुसायला लागली. तो स्वच्छच होता. "तू जड म्हणालीस. सगळ्यांपुढे. अठरा वर्षं त्याच जड शरीराच्या जिवावर गरागरा फिरलीस, आणि मग म्हणालीस जड."

मुग्धाताई उठल्या. गुडघे कुरकुरले, पण सांगलीत जवळजवळ दोन महिने फेरे घातलेल्या गुडघ्यांनी साथ दिली. त्या वाकल्या आणि, वयाने बरोबरीची असली तरी, नणंदेच्या पायांना हात लावला.

"अगं, अगं! हे काय? ऊठ. उठता येईल ना तुला?"

"येईल. तुझ्यामुळेच येतं," मुग्धाताई म्हणाल्या आणि खरंच न टेकता उठल्या. "चुकलं माझं. शब्दही चुकला आणि शास्त्रही चुकलं. त्या यंत्राच्या बुडाशी सत्तर किलोची चकती आहे, ठाऊक आहे?"

"मलाच विचारून घातली ती. तो मिरजेचा मुलगा म्हणाला, मावशी, चाळीस किलोची घालू का, उचलायला सोपी पडेल. मी म्हटलं, बाबा, हलकं माणूस नुसतं घुमतं. घुमवतं ते जड माणूस." ऋजुता हसली, आणि तिच्या हसण्याबरोबर सगळी खुर्ची हलली, पूर्वीसारखीच.

"तू गेलीस कशाला तिथे, वन्सं?"

"पोहे चांगले देत होते." मग फोटोकडे बघत ती म्हणाली, "दादा गेल्यावर ह्या घरात आवाजच नव्हता. वाटलं, निदान हात तरी कुणाच्या तरी उपयोगी पडू दे. कुणीतरी अनोळखी बाई येईल, धरील, बरी होईल. ती तू असशील असं... नाही, खोटं कशाला बोलू. एकदा वाटलं होतं."

पावणेचारला मुग्धाताईंनी तन्वीरला फोन लावला आणि ऋजुताच्या हातात दिला.

"काय रे," ऋजुता वर्गातल्या आवाजात म्हणाली, "माझ्या मनगटाला दोष म्हणणारा तू कोण?"

पलीकडून काहीतरी अजिजीचं बोलणं ऐकू आलं.

"कळ? आता नाही येत फारशी. आली तरी माझी आहे, मी बघेन. तू ती आहे तशी ठेव. हात सुटतो की काय असं वाटल्याशिवाय कुणी नीट धरत नाही, लिही तुझ्या वहीत. आणि हे बघ, पुण्याच्या माणसांना सांग, काही विचारायचं असेल तर मला विचारा. मी रिकामीच असते." फोनकडे बघून तिने भुवया उंचावल्या. "म्हणतो, आजपासून त्याला दोष नाही, 'ऋजुता-तऱ्हा' म्हणू. नाव कळलं तर चालेल का, विचारतोय."

"चालेल म्हण."

"चालेल," ऋजुता म्हणाली. "पण ऱ्हस्व-दीर्घ नीट लिही. ऋ ऋषीतला."

उन्हं कलली. मागच्या अंगणात सकाळचा पाऊस वाळून दगड कोरडे झाले होते. कर्दळीला लाल फुलं आली होती. मुग्धाताईंनी पदर खोचला.

"एकवीस फेरे. नेम आहे माझा, कार्तिकीपर्यंत."

"मला पासष्ट पुरी झाली, वहिनी."

"मला नाहीत झाली वाटतं? हळू घालू. मनगटाला धरते, तळव्याला नको. दुखलं तर सांग."

"आणि तुझं लुगडं?"

"पाच वार आहे. पिना लावल्यात. सहा."

ऋजुता इतकी हसली की तिला कठड्याला धरावं लागलं. मग तिने हात पुढे केले. अढी पडली, पावलं जुळली. मुग्धाताईंनी यंत्रात ज्याची नक्कल अनुभवली होती, ते सगळं आता खरं समोर होतं. अंगठा हाडावर टेकला, टाचेने दगड एकदा चाचपला. फक्त ह्या तळव्यांना कणकेचा वास होता, आणि वर डोकं होतं, पांढऱ्या केसांचं, तोंडभर हसणारं.

दोघी मागे रेलल्या.

पहिले तीन फेरे अडखळत गेले. तिसऱ्याला डावा हात सैल पडला. मुग्धाताईंनी तो घट्ट धरला. मग ओढ आली आणि फुगडी लागली. कर्दळ, कठडा, दोरीवरची चादर, सगळं एकमेकांच्या मागे पळायला लागलं. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, पडाल!" आणि बाईंनी घुमता घुमताच ओरडून सांगितलं, "बघत राहा!"

मुग्धाताई फेरे मोजत होत्या. एकोणीस, वीस.

"एकवीस!" त्या धापा टाकत म्हणाल्या. "झाले गं, वन्सं. थांब. नेम पुरा झाला."

"तुझा झाला," ऋजुता हात न सोडता म्हणाली. "माझा आकडा अजून ठरायचाय."